निपाणी ते गोकाक, पूर्ण विम्यासह

मुंबईहून निघालेली बस सकाळी सातच्या सुमाराला बेळगावात शिरली. खिडकीतून गार वारा येत होता, लष्करी कॅम्पातल्या झाडांवर धुकं अडकलं होतं, आणि माझ्या पर्समध्ये एक करडी चोपडी होती. वाटेत मी ती तीन वेळा काढून पाहिली होती. आंतरराष्ट्रीय मोटार परवाना! आतल्या पानावर माझा फोटो, त्यावर इंग्लंडातल्या मोटार क्लबाचा गोल शिक्का. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत (तंबाखू साठवायची, निवडायची, चाळायची जागा) राबलेल्या बाईची मुलगी आपल्या मुलखात स्वतः मोटार चालवणार होती. आनंद पोटात मावत नव्हता.

आमच्या इथल्या, इंग्लंडातल्या मराठी मंडळींनी विचारलं म्हणून हे लिहिते. सुट्टीत भारतात गेलं तर तिथं मोटार भाड्यानं मिळते का, विम्याचं काय करायचं, असे त्यांचे प्रश्न. ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षांत मला जे उत्तर मिळालं, ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही.

इंग्लंडात मी अकरा वर्षं परिचारिका होते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, म्हणून मोटार शिकावीच लागली. आदल्या उन्हाळ्यात आम्ही स्कॉटलंडला गेलो, तेव्हा मी नि माझा नवरा तीन संध्याकाळी भाड्याच्या मोटारींची पत्रकं टेबलावर पसरून बसलो होतो. एका कंपनीचं भाडं कमी, पण विमा वेगळा घ्यायचा. दुसरीचं भाडं जास्त, विमा त्यातच. मात्र मोटारीला काही झालं तर पहिला अमुक इतका खर्च आपला. तिसरीचं म्हणणं, चालवणारी दोघं असाल तर दोघांचे पैसे. हे सगळं ताडून पाहण्यात मी इतकी तयार झाले होते, की बेळगावातही असंच करू असं ठरवूनच विमानात बसले. नवरा नि मुलगी शाळेमुळे तिकडेच राहिली. माझ्याकडे तीन आठवडे होते आणि एकच बेत होता : आईला गोकाकचा धबधबा दाखवायचा.

मी सात वर्षांची असताना वखारीतल्या बायका ट्रकमध्ये बसून गोकाकला गेल्या होत्या. आईनं भाकरी बांधून ठेवल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसली होती. सकाळी मला ताप भरला आणि ती थांबली. पुढं कितीतरी दिवस बायका त्या पाण्याबद्दल बोलत, आणि आई तंबाखू चाळता चाळता नुसतं हसून ऐकत असे. तिनं कधी कुरकुर केली नाही. मलाच ते विसरता आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ दिलीप बँकेत नोकरीला, टिळकवाडीत राहायचा. माझा बेत ऐकून तो हसायलाच लागला. “आक्का, हितं मोटार भाड्यानं घेतली की ड्रायव्हर संगट येतोच. तू कशाला चालवतीस?”

“कारण मला चालवायचीय.”

पहिल्यांदा आम्ही खडेबाजारातल्या एका टॅक्सीवाल्याकडे गेलो. माणूस अगदी अगत्याचा. चहा मागवला, दारातली धुतलेली अँबॅसिडर दाखवली, किलोमीटरचा दर, ड्रायव्हरचा भत्ता, सगळं स्वच्छ सांगितलं. विमा? तोही होता, टॅक्सीचा रीतसर विमा. मग मी विचारलं, “मी चालवली तर?”

त्यानं कप खाली ठेवला आणि दिलीपकडे पाहिलं. “साहेब, बाई चेष्टा करत्यात काय?” मी करडी चोपडी पुढं केली. त्यानं ती पानन् पान पाहिली आणि आदरानं परत दिली. “परवाना झकास हाय. पर टॅक्सी चालवायला सरकारी बॅज लागतो, बाई. त्याबिगर कलेक्टर आले तरी न्हाय देता येत.”

दुसरा माणूस शहापुरातला गॅरेजवाला. त्याच्याकडे खासगी नंबरची फियाट होती, टॅक्सीपेक्षा पुष्कळच स्वस्त. मी एक चक्कर मारून पाहिली. इंजिन मजेत चालत होतं. “कुणी इचारलं तर सांगायचं, मी तुमचा मावसभाऊ,” तो म्हणाला. विम्याचा कागद मी मागून घेतला. स्कॉटलंडच्या तीन संध्याकाळी वाया गेल्या नव्हत्या. बारीक अक्षरातली ओळ माझ्या नजरेला लगेच सापडली. भाड्यानं दिल्यास हा विमा लागू नाही.

“धडक झाली तर?”

“धडक कशाला हुईल?”

खरं सांगते, तरी मला मोह झाला. मोटार समोर होती, किल्ली त्याच्या हातात होती, आणि रात्रभरच्या प्रवासानंतरही माझ्या अंगात असा उत्साह होता, की तशीच निपाणीला जावं. दिलीपनं मात्र मला आधी विम्याच्या एजंटाकडे नेलं. कणबर्गी त्याचं नाव. दिलीपच्या स्कूटरचा विमा तोच काढायचा. खिशाला तीन पेनं, बोलण्यात कानडी ठसका. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बाई, भाडं घेतलं की विमा गेला. रस्त्यावरचा माणूस जखमी झाला तर मावसभाऊ पळून जाणार. तुम्ही विमानात. त्या माणसानं काय करायचं री?”

इतका वेळ मी आईचा विचार करत होते, स्वतःचा करत होते. रस्त्यावरच्या माणसाचा केलाच नव्हता.

माझा चेहरा पाहून कणबर्गी जरा नरमला. ओळखीच्या माणसानं, पैसे न घेता, आपली मोटार चालवायला दिली तर कंपनीची हरकत नसते, असं त्यानं सांगितलं. परवाना हवा, मालकाची संमती हवी. “टिळकवाडीतच एक फियाट आठ म्हैने झाकून ठेवलीया. वकीलसाहेब गेल्यापासनं. विमा संपला म्हणून मी सारखा जातो, बाई चहा देऊन परत पाठवतात. चला, आज तिघं जाऊ.”

अशा तऱ्हेनं मालतीकाकू भेटल्या. वय पंचावन्नच्या पुढं, पाठ ताठ, बोलणं नेमकं. त्यांनी माझा परवाना उजेडात धरून वाचला.

“खरंच चालवता?”

“रोज.”

“बर्फातसुद्धा?”

“बर्फातसुद्धा.”

त्या उठल्या, गॅरेजचं दार उघडलं, खोळ ओढली. फिकट निळी फियाट. एक धुळीचा कण नव्हता. “रोज पुसते,” त्या म्हणाल्या. “पण आठ महिन्यांत हिचा आवाज ऐकला नाही. भाडं मला नको. मात्र तुमच्याबरोबर मी येणार.”

कणबर्गीनं लगेच कागद काढले. नुसता थर्ड पार्टीचा विमा, म्हणजे आपल्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई, तो स्वस्त. पूर्ण विम्यात आपल्या मोटारीचीही दुरुस्ती येते; त्याचा हप्ता बराच जास्त. मालतीकाकूंनी विचारसुद्धा केला नाही. “यांनी कायम पूर्णच काढला,” म्हणाल्या आणि सही केली. कणबर्गी मोटारीभोवती फिरून, पत्रा टिचक्यांनी वाजवून, सगळं शाबूत असल्याचं लिहून गेला. मिस्त्री आला, नवी बॅटरी बसली. किल्ली फिरवताच इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं. मालतीकाकू तोंडाला पदर लावून अंगणात उभ्या राहिल्या. मी इंजिन बराच वेळ चालू ठेवलं.

रविवारी सकाळी सहाला आम्ही दोघी निघालो. दिवाळी होऊन आठवडा झाला होता. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस, मधून काळी रानं, हवेत दवाचा वास. इंग्लंडसारखंच डावीकडून चालायचं असल्यामुळं हात बिचकत नव्हते. बिचकत होतं ते फक्त काळीज, ट्रकवाले अंगावर येत तेव्हा. संकेश्वर मागं टाकून आठच्या आत आम्ही निपाणीत आईच्या दारात होतो.

आणि आई बसायला तयार होईना.

“मी एष्टीनं येते. तुमी व्हा म्होरं.”

“अगं, तुझ्यासाठी तर आणलीय!”

“दुसऱ्याची चीज हाय सुमे ती. माज्या हातनं कुटं काय मोडलं, डाग पडला, तर? मी न्हाय बसायची.”

घरात बुद्धाच्या तसबिरीखाली मालतीकाकू आईनं दिलेला चहा पीत होत्या. कप ठेवून त्या म्हणाल्या, “माझं एक काम करा. पुढं तुम्ही बसा. हे चालवायचे तेव्हा तिथं मी असायचे. आज मला तिथं बसवत नाही, आणि ती जागा रिकामी बघवतही नाही.”

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. मग भाकरीचं गाठोडं उचललं आणि पुढं येऊन बसली. सीटच्या अगदी कडेला, गाठोडं मांडीवर, कशाला हात न लावता. संकेश्वरला परत येईपर्यंत मात्र ती टेकून बसली होती. काच खाली करायला शिकली होती. “एष्टीत मान वळंस्तवर झाड मागं जातंय,” ती म्हणाली. “हितं बगू वाटंल ते थांबवून बगाय येतंय व्हय गं?” मी लगेच थांबवली. आम्ही तिघींनी मिळून एक चिंचेचं झाड पाहिलं. तिथनं पुढं ती दर दोन मैलांवर काहीतरी पाहायला थांबवू लागली, आणि मी इतकी खुशीत होते, की गाणं म्हणत चालवत होते.

तिथंच माझं चुकलं.

संकेश्वर सोडून गोकाकच्या अरुंद रस्त्याला लागल्यावर पुढं उसानं भरलेली बैलगाडी होती. मी हॉर्न दिला आणि तिला मागं टाकायला मोटार बाहेर काढली. समोरून बस आली. मी पुन्हा आत घेतली, ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. उसाची टोकं दिव्यात घुसली, त्याची काच फुटली, धक्क्यानं बैलगाडीचं एक चाक रस्त्याच्या कडेखाली गेलं आणि मोडलं. अर्धा ऊस खडखडत खाली आला. बैल हंबरले. मग एकदम शांतता.

आई नि मालतीकाकू धडधाकट होत्या. मी धावले. गाडीवान उडी मारून उतरला होता, त्याला खरचटलंही नव्हतं. बैलही ठीक होते. पन्नाशीचा माणूस, डोक्याला पंचा. त्यानं मोटारीचा फुटलेला दिवा पाहिला आणि हात जोडले. “तप्पातरी, तप्पातरी (चुकलं, चुकलं). बाई, पोलीस नको.”

मागून धडकले होते मी. आणि माफी तो मागत होता.

आई उतरून पुढं आली. तिनं त्याचे जोडलेले हात धरून खाली केले. “अण्णा, हात जोडू नका. चूक आमच्या पोरीची हाय. मोटार हाय म्हून खरं आमचं हुतंय व्हय?” आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “सांग की त्यास्नी.”

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. आईनं आयुष्यात किती मोटारवाल्यांसमोर हात जोडले असतील, ते मला त्या क्षणी कळलं.

त्याचं नाव बसाप्पा. त्याला काळजी साखर कारखान्याची होती. आज नंबर चुकला तर ऊस वाळणार. आईनं पदर खोचला आणि रस्त्यात उभी राहून येणारा पहिला ट्रॅक्टर अडवला. ट्रॅक्टरवाला बसाप्पाच्या ओळखीचा निघाला. ऊस त्याच्या ट्रॉलीत भरायचा ठरलं. आम्ही सगळे कामाला लागलो. आई सराईतपणे मोळ्या उचलत होती. मालतीकाकू एकेक ऊस दोन्ही हातांनी, देवाला वाहिल्यासारखा नेत होत्या. तासाभरात त्यांच्या इस्त्रीच्या साडीला चिखल लागला, अंबाडा सुटला, आणि त्या चक्क हसत होत्या.

चाकाचे पैसे मी देऊ लागले तर बसाप्पा मागं सरला. आई म्हणाली, “घ्या अण्णा. ही भीक न्हवं, भरपाई हाय.” मग त्यानं घेतले.

पुढच्या गावातल्या चौकीत मी हकीकत लिहून दिली, कारण त्याशिवाय विमा मिळणार नव्हता. हवालदारानं वही उघडली. “तक्रार कुणावर?”

“माझ्यावर.”

तो माझ्याकडे, मग माझ्यामागं उभ्या असलेल्या चिखलानं माखलेल्या दोन बायकांकडे पाहत राहिला. “तसं न्हाय हो बाई. बैलगाडी आडवी आली असं लिहू या. तुमचं सोपं हुईल.”

“आडवी न्हवती आली,” आई म्हणाली. “सरळ चालल्याली. मी बगत हुते.”

त्यानं सरळ चाललेली असं लिहिलं. निघताना दारापर्यंत आला आणि म्हणाला, “निधान होगरी (हळू जा).”

एका दिव्याच्या मोटारीनं आम्ही दुपारी गोकाकला पोचलो. आधी आवाज ऐकू आला. मग खडकाच्या टोकाशी गेलो आणि सगळं पाणी एकदम दिसलं. पावसाळ्यासारखं रौद्र नव्हतं, तरी तांबूस पाण्याचे जाड पडदे खोल दरीत कोसळत होते आणि तुषार वर येऊन आमच्या तोंडावर बसत होते. दरीवरच्या झुलत्या पुलावर मालतीकाकूंनी आईचा दंड घट्ट धरला. भीती कुणाला जास्त वाटत होती, ते कळत नव्हतं. आई पुलाच्या मधोमध थांबली. कठड्याला धरून ती पाण्याकडे वाकली. मग म्हणाली, “त्या समद्या खोटं सांगत हुत्या.”

“म्हणजे?”

“लई मोटं हाय म्हनायच्या. ह्ये त्येच्याबी परास मोटं हाय गं!” आणि लहान मुलीसारखी टाळ्या पिटून हसली.

खडकावर बसून आम्ही भाकरी, खर्डा नि शेंगांची चटणी खाल्ली. मालतीकाकूंनी दुसरी भाकरी मागून घेतली. येताना गावातून करदंट (सुकामेवा, डिंक नि गुळाची वडी) घेतलं आणि उजेडात पोचायचं म्हणून लगेच निघालो.

पाच वाजता निपाणीत शिरताना आई म्हणाली, “घराकडं नगं. वखारीकडं घे.” काम तुंबलं होतं म्हणून त्या रविवारीही वखार चालू होती, आणि बायका नुकत्याच सुटत होत्या, भुवयांवर, पापण्यांवर तंबाखूची पिवळी धूळ. आईनं काच खाली केली आणि हाक मारली. बायकांनी मोटारीला गराडा घातला. “अगं बया, भागीरथे! कुणाची गं?”

“ह्या मालतीआक्काची. आन् चालवली माज्या सुमीनं. धडकवली बी तिनंच, ह्यो दिवा बगा! आन् पोलिसाला जाऊन सोताच सांगितलं.” तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता, माझा रडवेला चेहरासुद्धा. बायका खोखो हसत होत्या, खोकत होत्या, पुन्हा हसत होत्या. मग एक म्हातारी हळूच म्हणाली, “आमास्नी बी एक चक्कर मारून आण की.”

मी मागं वळून पाहिलं. मालतीकाकू आधीच उतरल्या होत्या आणि दार धरून उभ्या होत्या. “चौघी चौघी या,” त्या म्हणाल्या. “धक्काबुक्की करू नका. सगळ्यांचा नंबर येईल.”

दिवस मावळेपर्यंत मी निपाणीला फेऱ्या घालत होते. किती झाल्या, कुणास ठाऊक. सीटवर तंबाखूची धूळ बसली, दर फेरीला नवा कल्ला, आणि बाजारातून जाताना प्रत्येक ओळखीच्या माणसाला आतून हाका. आयुष्यात इतकी मजेत मी कधी मोटार चालवली नाही. त्या रात्री मालतीकाकू आमच्याच घरी राहिल्या.

बेळगावात परतल्यावर कणबर्गीनं फुटका दिवा पाहून कपाळाला हात लावला, मग चौकीतला कागद वाचून तो नीट घडी करून खिशात ठेवला. “असा कागद मी नोकरीत पहिल्यांदा बघितला री.” कंपनीनं काचेचे थोडे पैसे कापून बाकीची भरपाई दिली. बसाप्पाच्या बैलगाडीला नवं चाक बसलं, ते मालतीकाकू स्वतः जाऊन पाहून आल्या.

माझ्या परतीच्या दिवशी आई बसस्टँडवर आली होती. अकरा वर्षं मी तिला इंग्लंडला बोलावत होते, आणि अकरा वर्षं ती म्हणायची, माझं तिकडं काय काम? बसनं हॉर्न दिला तेव्हा ती खिडकीखाली येऊन उभी राहिली.

“तिकडं तू म्हाताऱ्या मान्सांच्या घरोघरी हिंडतीस न्हवं?”

“हो.”

“एकलीच?”

“एकटीच.”

तिनं खिडकीचा गज धरला. “म्होरल्या वर्साला येते मी. बगते तरी, कुनाकुनाकडं जातीस ते.”

बस हलली. मी खिडकीतून हात हलवत राहिले. मी तिला एक धबधबा दाखवायला गेले होते आणि वाटेत, एका मोडक्या चाकापाशी, ती कोण आहे ते मी पहिल्यांदा पाहिलं. आता तिला मी कोण ते पाहायचं होतं. बेळगाव मागं पडलं तरी मला उतरून परत तिच्याकडे पळावंसं वाटत होतं. इतकं सांगायचं राहिलं होतं, आणि ते सांगायला आता पुढचं वर्ष होतं.